हिरामणच्या तोंडाचा साचा

बाकी कामं शिकवून येतात हो. ओतकाम येतं, पॉलिश पेपरने घासणं येतं, स्प्रे गन तर हल्ली कुणीही चालवतं. पण गणपतीचा डोळा आखणं म्हणजे खायचं काम नाही. रेघ जरा वर गेली की देव डोळे वटारतो, जरा खाली आली की पेंगतो. पेणजवळच्या आमच्या जोह्यात घरोघर मूर्तींचे कारखाने, तरी डोळे आखायला खात्रीचे हात थोडे, आणि त्यातला एक शीतलचा. पोरगी एकोणीस वर्षांची. सकाळी एस्टीने पेणला कॉलेजात जायची, दुपारी परत आली की मामाच्या कारखान्यात ब्रश घेऊन बसायची.

मामा म्हणजे मोतीराम. शीतलचे वडील मिठागरावर कामाला होते. ते गेले तेव्हा मोतीराम स्वतः जाऊन बहिणीला, आवडीला, दोन पोरांसकट जोह्याला घेऊन आला. माझ्या ताटातलं अर्धं यांचं, असं चार माणसांत बोलला आणि पाळलंही. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. मोतीराम वाईट माणूस नव्हता. वाईट माणसाने फसवलं तर एवढं लागत नाही.

दोन पोरांतला थोरला हिरामण. त्याने रोह्याला आयटीआय केलं, नागोठण्याच्या कंपनीत चिकटेल म्हणून बरेच दिवस वाट बघितली आणि कंटाळून एक दिवस सैन्यभरतीच्या मैदानात जाऊन धावला. निवड झाली. आवडीने अबोला धरला, मग स्वतःच त्याच्यासाठी तांदळाच्या भाकऱ्या थापायला बसली.

तो जायच्या आधीची गोष्ट. गणपतींचं नुकतंच विसर्जन झालं होतं, कारखाना रिकामा, कोपऱ्यात पिओपीचं अर्धं पोतं उरलेलं. फुटलेलं पोतं दमट हवेत दगड होणार, सगळ्यांना माहीत. हिरामण चटईवर आडवा झाला आणि म्हणाला, "शितले, माझ्या तोंडाचा साचा काढ. मी नसलो की आयेला एक हिरामण ओतून दे. पगार मागनार नाय, जेवन मागनार नाय, वर भांडनार पन नाय."

मोतीरामलाही गंमत वाटली. त्याने भाच्याच्या तोंडाला खोबरेल तेल चोपडलं, श्वासाला नाकपुड्यांत पपईच्या देठाच्या नळ्या दिल्या आणि वरून कालवलेलं पिओपी ओतलं. पिओपी घट्ट होताना तापतं. हिरामण हात-पाय झाडायला लागला, तशी शीतल त्याच्या पोटावर बसली आणि हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. साचा झकास निघाला. लहानपणी झोपाळ्याची कडी लागून त्याच्या डाव्या भुवईत खाच पडली होती, तीसुद्धा आली. फक्त नाकाशेजारी हवेचा बुडबुडा राहिला, म्हणजे त्यातून जे तोंड ओतलं जाईल त्याला तिथे एक बारीक मस येणार. "असू दे," हिरामण म्हणाला, "नजर लागनार नाय." साचा मोतीरामच्या माळ्यावर गेला आणि हिरामण पलटणीत.

नव्याण्णव सालच्या फेब्रुवारीत तो सुट्टीवर आला होता. तेच दिवस, पंतप्रधान बसमधून लाहोरला गेले तेव्हाचे. पेणला वक्तृत्व स्पर्धा होती, विषय हाच, आणि शीतल त्यात बोलली. आमच्या गावची एस्टी तास-तास उशिरा येते तरी आम्ही फाट्यावर थांबतोच, ही बस तर पन्नास वर्षं उशिरा आली, तिला आपण हात दाखवायचा की नाही, असं काहीतरी. सगळा हॉल टाळ्या वाजवत होता. सरांनी पाठ थोपटली. पहिला नंबर आला आणि स्टीलचा डबा मिळाला.

हिरामण मागच्या बाकावर बसून ऐकत होता. बाहेर आल्यावर मिसळ खाता खाता म्हणाला, "आता आमाला कामच नाय उरनार. या वर्षी सीझनला सुट्टी टाकतो, तुझ्या बाजूला बसून डोले आखतो."

"तुला जमनार नाय," शीतल म्हणाली.

"तू शिकव."

पुढे पेपरात सगळं आलं. शीतल टाळ्या घेत होती, त्याच थंडीत तिकडची माणसं लपत-छपत कारगिलच्या डोंगरांवर चढायला लागली होती. ही बातमी वाचली तेव्हा तिला पहिल्यांदा वाटलं, आपल्याला भर हॉलमध्ये उभं करून येड्यात काढलं. राग कुणावर काढायचा ते तिला कळेना. बसवर, त्या डोंगरांवर, की डब्यावर. डबा तिने फळीवर मागे सरकवून ठेवला.

जूनच्या शेवटी हिरामण त्या लढाईत गेला. हमरापूर फाट्यापासून जोह्यापर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणूसच माणूस. फुलांनी सजवलेली गाडी, शाळेची पोरं, घोषणा. बरोबर आलेल्या हवालदाराने आवडीपुढे हात जोडले आणि पेटी उघडू नका म्हणून विनवलं. तोफेचा मारा झाला होता, याहून जास्त तो काही बोलला नाही.

आवडी रडली नाही. लोक म्हणाले, काय धीराची बाई. शाल आली, श्रीफळ आलं, वीरमाता म्हणून फोटो निघाले. आणि घरी ती दुपारी हिरामणच्या वाटणीचं ताट वाढून झाकून ठेवायला लागली. "तोंड नाय दाखवलं मला," ती शीतलला सांगायची. "पेटीत कोन व्हता देव जाने. माझा पोर असता तर दाखवलं असतं ना गो." शीतल समजावून थकली. रडली तर बरी होईल, असं शेजारच्या बायका कुजबुजायच्या. पण रडायला आधी पोर गेलाय हे पटायला हवं, आणि तोंड बघितल्याशिवाय तिला ते पटणार नव्हतं.

तेव्हा शीतलला साचा आठवला. दिवसकार्य झाल्यावर ती मामाकडे गेली.

"हाय माझ्याकडं," मोतीराम म्हणाला. "पन आत्ताच ओतून नेलास तर आवडी येडी व्हईल. गणपती जाऊ दे. मी सोता ओतून देतो, तू रंग दे. मग दाखवू तिला."

"तवर कुनी हात लावायचा नाय त्याला."

मोतीरामने समोरच्या कच्च्या गणपतीच्या मस्तकावर हात ठेवला. "याची शपथ," म्हणाला. शीतलला तेवढं पुरलं. हा माणूस खोटं बोलेल असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

त्या वर्षीचा सीझन वेगळाच गेला. ज्याला त्याला कारगिल पाहिजे. पितांबराच्या जागी हिरवी वर्दी, परशूच्या जागी बंदूक, मुकुटाच्या जागी लोखंडी टोपी. शीतल निमूट डोळे आखत होती. तिचा ब्रश वर्दी बघून बदलत नव्हता. डोळा गणपतीचाच यायचा, मवाळ, समोरच्याला ये बस म्हणणारा. गिऱ्हाईकं नाराज व्हायची. जरा करारी करा ना ताई, शत्रूकडे बघतोय असे. "मला एकच डोला येतो," शीतल सांगायची, आणि ते खरंच होतं.

कॉलेजातून सरांचा निरोप आला. तेच सर, पाठ थोपटणारे. पंधरा ऑगस्टला तू बोल, शहिदाची बहीण म्हणून. विषय, शत्रूला धडा. शीतलने जाऊन विचारलं, "सर, फेब्रुवारीत मी बोलले ते चुकीचं होतं का?" सर म्हणाले, "तेव्हाचा काळ वेगळा होता." काळ! चार-सहा महिन्यांत काळ वेगळा झाला म्हणे, आणि यांच्या टाळ्या दोन्ही वेळा तयार. शीतल बोलायला गेली नाही. त्या दिवशी तिने कारखान्यात काम केलं.

तिला कुणी विचारलंच असतं, तर काय बोलली असती? तिच्या मनात एकच बातमी ठाण मांडून बसली होती. डोंगरावर मेलेल्या तिकडच्या काही शिपायांना त्यांच्याच लोकांनी ओळखायला नकार दिला होता. आमचे नाहीत म्हणाले. मग आपल्याच जवानांनी त्यांना तिथे पुरलं. आपल्या आईला निदान बंद पेटी मिळाली, तिकडच्या आयांना तीही नाही. त्यांनाही कुणीतरी शब्द दिलाच असेल ना, तुमच्या पोराला सांभाळू म्हणून. हे शीतल कुणाजवळ बोलली नाही. बोलली असती तर गावाने तिला फाडून खाल्लं असतं.

गोकुळाष्टमी झाली. मागच्या शेडमध्ये रोह्याच्या एका मंडळाचा मोठा देखावा चालला होता. मोतीरामने शीतलला आधीच बजावलं होतं, तिकडं येऊ नको, लढाईचा देखावा हाय, तुला बघवनार नाय. मामाला किती काळजी, असं तिला वाटलं. पण घासकाम करणारी चंद्रावती काकू काही दिवस तिच्याशी नीट बोलेना. नजर चुकवायची. शेवटी एका दुपारी, मोतीराम रंग आणायला पेणला गेलेला असताना, ती हातातला पॉलिश पेपर खाली टाकून म्हणाली, "शितल, मागं जाऊन ये गो. मी सांगितलं म्हनून सांगू नको."

शेडमध्ये डोंगर उभा केला होता, पोत्यांना पिओपी फासून. शेंड्यावर वर्दीतला गणपती. मधल्या टप्प्यावर जवान, पुरुषभर उंचीचे, कोणी झेंडा धरलेला, कोणी डोळे मिटून पडलेला. शीतल पहिल्या जवानाजवळ गेली. डाव्या भुवईत खाच होती. नाकाशेजारी मस.

ती दुसऱ्याकडे गेली, तिसऱ्याकडे गेली. सगळ्यांच्या नाकाशेजारी मस. आपला भाऊ एकदाच मेला असं ती धरून चालली होती. पण तिने स्वतःला सावरलं. लोक हात जोडतील याला, मामाने त्यासाठी केलं असेल, असंही क्षणभर मनात आलं. मग तिची नजर खाली गेली.

डोंगराच्या तळाशी शत्रू पडले होते. अंगावर खाकी, काथ्या काळा रंगवून लावलेल्या दाढ्या, मिटल्या पापण्यांवर कुणीतरी अडाण्यासारखे लाल, बटबटीत डोळे रंगवलेले. गणपतीचा एक पाय नेमका एकाच्या छातीवर. शीतल त्याच्याजवळ बसली आणि तिने कपाळावरचं रंगाचं पुट नखाने खरवडलं. भुवईतली खाच नीट दिसली. जवानांच्यापेक्षाही स्वच्छ.

मोतीराम आला तेव्हा ती तिथेच बसून होती. तिला बघून त्याने हातातला रंगाचा डबा खाली ठेवला.

"केसानं गला कापलास मामा," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता.

मोतीराम आधी गडबडला, मग बोलायला लागला. "ऐक तर. मंडळाला मानसाच्या मापाचे फौजी पाह्यजे व्हते. आपल्याकडं सगले देवांचे साचे. मानसाचं पुरतं तोंड एवढं एकच. येलेवर नवा कुठून काढू? म्हटलं हिरामणला लोक बघतील, नमस्कार करतील. वाईट काय हाय त्यात?"

"आनि हे?" शीतलने खाली बोट केलं.

मोतीराम डब्याचं झाकण चाचपायला लागला.

"हे पन हिरामणच ना?"

"देखावा खालून उभारत आनावा लागतो," तो हळू म्हणाला. "हे पयले ओतले. आगो, आपन मावले काढतो त्याच साच्यातून मोगल काढतोच ना? दाढी लावली की झालं. आजवर कुनी काय बोललं? मला तर सुचलंच नाय. हात चालत गेला."

आणि हेही खोटं नव्हतं बरं का. जोह्याच्या कारखान्यात तोंड हे तोंड असतं. पदर बदलला की गवळणीची गौर होते, पगडी बदलली की इकडचा तिकडचा होतो. मोतीराम सबंध आयुष्य हेच करत आला होता. पण शपथ? शपथ घेतानाही हात चालत गेला होता का? शीतलने ते तोंडावर विचारलं. मोतीरामने पाठ फिरवली. तो आत गेला आणि माळ्यावर नाही, बाकड्याखाली ठेवलेला साचा काढून त्याने तिच्या पुढ्यात ठेवला.

"घे. ने तुझा. आता नाय लागत मला."

शीतलने तिथेच पिओपी कालवलं. साच्याला आतून तेलाचा हात दिला, ओतलं आणि वाट बघत बसली. चंद्रावती येऊन तिच्या शेजारी बसली. तोंड बाहेर निघालं तेव्हा शीतलने ते उजेडात धरलं. नाकाचा शेंडा गोल झालेला. ओठांची कड गेलेली. भुवई सपाट, खाच कुठेच नाही. इतकी तोंडं ओढून काढली की साचा आतून झिजला होता. आता त्यातून येत होता तो कुठलाही पोरगा होता, बाजारातल्या बाहुल्यासारखा. हा आईपुढे नेला असता तर आईने विचारलं असतं, हा कोन गो?

तिला वाटलं, हे थोबाड आपटून फोडावं. मामाच्या सगळ्या शेडमध्ये पाणी सोडावं. ती रडलीसुद्धा, खोटं कशाला बोलू, चंद्रावतीच्या पदरात तोंड खुपसून रडली. पण रडता रडता तिच्या डोक्यात कारखान्यातलं शिक्षण जागं होतं. जितकी ओतणी नंतरची, तितकं तोंड बोथट. म्हणजे जवान बोथट. मामा म्हणाला, हे पयले ओतले.

ती उठली. बाकड्यावरची पटाशी उचलली आणि गणपतीच्या पायाखालच्या शत्रूजवळ गेली. तोंडं वेगळी ओतून मागून धडाला जोडलेली असतात. तिने कानामागून जोड सोडवायला घेतला.

"शितल, तो नको नेऊ," मोतीराम म्हणाला. "आवडीपुढं शत्रू नेशील? जवान ने एखादा. मी देतो काढून."

"जवानांची नाकं बघ, मामा. त्यांच्यात हिरामण उरला नाय." ती हातातलं काम न थांबवता बोलली. "तू त्याला सगल्यांच्या खाली टाकलास. तिथंच हाय तो."

मोतीरामने पुढे होऊन तिचा हात धरला नाही. तो दाराशी उभा राहिला आणि ती निघाली तेव्हा बाजूला सरला.

घरामागे विहिरीवर बसून शीतलने थिनरच्या बोळ्याने ते लाल डोळे पुसले. खाली मिटलेल्या पापण्या जशाच्या तशा होत्या. दाढीचा काथ्या तिने उपटून काढला, पण काळा रंग आणि सरस गालांच्या बारीक भोकांत मुरला होता. घासलं तर खाली हिरामणच घासला जाईल, म्हणून तिने तो तसाच राहू दिला. डोळे आखायचे नव्हते. जन्मभर डोळे उघडत आलेल्या पोरीला त्या तोंडावर करण्यासारखं काही नव्हतंच. तिने ते ओढणीत गुंडाळलं आणि घरात नेलं.

आवडी झाकलेल्या ताटापाशी बसली होती. शीतलने ओढणी उघडून तोंड तिच्या मांडीवर ठेवलं. कुठून आणलं, कसं आणलं, काहीच बोलली नाही.

आवडीने आधी भुवईतल्या खाचेवर अंगठा ठेवला. मग नाकावरून, ओठांवरून बोट फिरवलं. तिच्या छातीतून जो हुंदका आला, तो ऐकून शेजारच्या बायका धावत आल्या, आणि दारातच थांबल्या. जूनपासून अडलेलं सगळं रडणं त्या दुपारी बाहेर पडलं. शीतल तिला धरून बसली.

जरा शांत झाल्यावर आवडीने पदराच्या टोकाने गालावरचा काळा डाग पुसायला घेतला. तो निघेना. तिने पदर पाण्यात भिजवला, पुन्हा पुसला.

"दाढी वाढली व्हती का गो त्याची?"

शीतलच्या घशाशी मामाचं नाव आलं होतं. देखाव्याचं, शपथेचं, सगळंच आलं होतं.

"तिकडं पानीसुद्धा गोठतं, आये," ती म्हणाली. "दाढी कशी करनार?"

आवडीने मान हलवली. तिला पटलं. ती ओल्या पदराने तो गाल हळूहळू पुसत राहिली. ती दाढी कुणाची होती, हे शीतलने तिला कधीच सांगितलं नाही.